सात वाजताची हाक

"गेल्या सोमवारपासून हे सातला उठवतात. म्हटलं, बिघडले की काय!" कुमुदकाकू म्हणाल्या.

दुरुस्तीला आलेल्या रेश्माने उशाशी ठेवलेली डबी उघडली. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या काकांचा आवाज आणि सवयी त्या डबीत होत्या. जिवंतपणी चाळीस वर्षं आणि त्यानंतरही रोज पहाटे पाचला ते हाक मारत, "अगं, उठ. चहा टाक."

"आकाशातून एक कण आला काकू, आणि चिपमधल्या एका शून्याचा एक झाला. चिपमध्ये पाच म्हणजे १०१ आणि सात म्हणजे १११. तेवढ्याने पाचाचे सात. पाचगणी उंचावर ना, इथे हे जरा जास्तच होतं. मूळ प्रतीवरून आत्ता दुरुस्त करते."

काकूंनी डबीवर हात ठेवला. "मला वाटलं, ह्यांना माझ्या झोपेची दया आली. राहू दे की एवढी एक चूक."

"एक ठेवायची तर मूळ प्रतीशी ताडून बघायची सगळी तपासणीच बंद करावी लागते. मग चुका साचत जातील. एक दिवस काका तुम्हाला ओळखायचेही नाहीत."

काकूंनी डबीवरचा हात काढला. "कर बाई दुरुस्त. जसे होते तसेच असू देत."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हाक आली, "अगं, उठ. चहा टाक."

काकूंनी गोधडी कानावर ओढली. "आज तुमचा तुम्हीच टाका," त्या म्हणाल्या, आणि सातपर्यंत झोपल्या.