फिरती खुर्ची

समुपदेशकाच्या खोलीत त्याचे वडील पहिल्यांदाच आले आणि दारातच थबकले. समोर त्यांच्याच सलूनमधली फिरती खुर्ची होती. "ही तर मी भंगारात दिलेली!" "मी तिथून उचलून आणली, बाबा." "आणि हिच्यात बसून लोक तुला मनातलं सांगतात?" "मी मागे बसतो. न्हाव्याची नजर केसांवर असते, म्हणून गिऱ्हाईक मोकळं बोलतं. हे तुमच्याच हाताखाली शिकलो." "काहीतरीच तुझं!" चाळीस वर्षं त्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकली होती, पण त्या खुर्चीत ते कधी टेकलेसुद्धा नव्हते. आज अंग चोरून बसले. मुलगा सलूनमधल्या जुन्या सवयीने मागे उभा राहिला. "तुझी आई गेली," ते एकदम म्हणाले, "आणि दुसऱ्याच दिवशी मी दुकान उघडलं. घरी थांबलो असतो, तर तू मला रडताना बघितलं असतंस." मुलाने नजर केसांवरच ठेवली.