लांडग्याचं काडतूस

"वहिनी, ह्यातलं सगळ्यांत जालीम कुठलं?" मेदेरने काडतुसांची पिशवी जाजमावर उपडी केली आणि एक उचललं.

कानीशायने ते त्याच्या हातून काढून घेतलं. "ह्यात एकच गोळी असते. लांडगा समोरून हातभर रुंदसुद्धा दिसत नाही, भाऊजी. आणि नेम तुमचा. बर्फाला भोक पाडून याल."

"मग हे?"

"ते तितरांचं. त्याच्या केसांतच अडकेल, उगाच खाज सुटायची बिचाऱ्याला." तिने तिसरं त्याच्यापुढे ठेवलं. "हे न्या. आत हरभऱ्याएवढे छर्रे आहेत, मीच भरलेत. पण लांबून मारू नका, विखुरतात. चांगला जवळ येऊ द्या, मगच चाप ओढा."

"आणि पळाला तर?"

"पायात सापळा अडकलाय त्याच्या, तो ओढत कुठे पळणार? असा लांडगा पळत नाही, अंगावर येतो. तुम्ही फक्त जागचे हलू नका."

ह्यात खोटं काही नव्हतं. नवऱ्यासाठी, साग्यनसाठी, तिने लग्नापासून काडतुसं भरली होती. गेल्या वर्षी साग्यन हिमकड्याखाली गेला. भावाची बायको भावाच्याच घरात राहावी, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, आणि मेदेर बिश्केकचा बाजार सोडून नारीनच्या डोंगरात आला. शुक्रवारी मोल्दो त्या दोघांचा निकाह लावायला येणार होता. त्या दिवसापासून मेंढरं मेदेरची आणि तिची पंधरा वर्षांची लेक नुरझातही त्याचीच. तिला बाजारातल्या आपल्या भागीदाराला द्यायचं त्याने कबूलही करून टाकलं होतं. भागीदाराला नातवंडं होती. पोरीने अन्न सोडलं होतं आणि कानीशायला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मेदेरला सल होता तो वेगळाच. गाव त्याला बाजारबुणगा म्हणायचं. शुक्रवारच्या आत लांडग्याचं कातडं खोगिराला टांगून घरोघर फिरायचं, प्रत्येक दारातून मानाची भेट घ्यायची, असं त्याने मनाशी घेतलं होतं. मानात वाटेकरी नको, म्हणून तो एकटाच निघणार होता.

संध्याकाळी त्याने वळचणीच्या खिळ्यावरची दुनळी काढून आत आणली. "भावाची बंदूक, आणि अशी गारठ्यात टांगून ठेवलीस? बाईमाणसाला अक्कल नसते ती अशी."

"चुकलंच," कानीशाय म्हणाली. "ठेवा चुलीपाशी. तेल संपलंय. चरबी चालेल?"

तिने मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून वाटी त्याच्यापुढे ठेवली. मेदेरने निवांत बसून बंदुकीला आतबाहेर चोपडली, मग चाप ओढून पाहिला. खट् झालं. तो खूश झाला.

सकाळी थुंकी गोठेल अशी थंडी होती. कानीशायने गरम नान फडक्यात बांधून दिले. मेदेर घोड्यावर बसला. "साग्यन आणखी काय करायचा गं?"

"काही नाही. शांत उभा राहायचा."

घोडा दरीत उतरेपर्यंत ती दारात थांबली. मग आत येऊन तिने नुरझातपुढे चहा आणि लोणी ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "शुक्रवारी मोल्दो येणार नाही."

साग्यनने तिला पहिल्याच हिवाळ्यात बजावलं होतं: थंडीत बंदूक कधी उबेला आणायची नाही आणि चरबी तर लावायचीच नाही, बाहेर पडलं की ओल आणि चरबी थिजून काडतुसावर आदळणारा आतला खिळा जागीच गोठतो, आणि मग काडतूस कितीही चांगलं असो, उडत नाही.