चालून दाखव
लेक दूरदेशी गाईंच्या लंगडण्यावर पीएचडी करत होती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणायची, “आई, गाय चालवून दाखव.” मग आई गोठ्यासमोर गाय फिरवायची. “आईपेक्षा गाईचीच चौकशी जास्त,” फोन धरून बाबा टोमणा मारायचे. एका रविवारी लेक म्हणाली, “गाय ठणठणीत आहे. आई, तू एकटी चालून दाखव.” आईला वाटलं, दुखऱ्या गुडघ्याचं कळलं, तर पोरगी शेवटचं वर्ष सोडून धावत येईल. दात आवळून ती फोनपर्यंत ताठ चालत आली. “बघ, काय धाड भरलीये मला?” लेक हसली नाही. “डॉक्टर दिसला की गाईही दुखणं लपवतात. आता पाठ फिरवून परत जा.” आई वळली. चार पावलं नेटानं टाकली. तीन वर्षांत पोरगी घरी आली नव्हती. पाचव्या पावलापासून मात्र आई मनसोक्त लंगडली.