वीज तोडल्यानंतर

सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेची वीज तोडली गेली. सव्वादहाला कुलूपसाहेब दारात हजर.

गुंडाळायचे ठरलेले प्रकल्प गुंडाळणं हे या साहेबांचं खात्यातलं काम, म्हणून हे नाव पडलेलं. विमानाची मोटर बंद करून खोलीला सील ठोका, असा आजचा हुकूम होता. कारण दिलं होतं : परिणाम शून्य.

मुख्य इंजिनिअर बाईंनी तो हुकूम उभ्यानेच वाचला. सोमवारी मोटरचा गाभा तयार झाला होता. शनिवारी त्याला विमानाचा पंखा जोडायचा होता. एकदा पंखा फिरला असता, तर मोटर बंद करायची कुणाच्या बापाची हिंमत झाली नसती.

"किल्ल्या, घड्याळ, मोबाईल त्या टोपलीत टाका," दारातून फ्रीजकाका म्हणाले. मोटर थंड ठेवायची जबाबदारी काकांची. अंगावर लोखंड घेऊन आत जायचं नाही, हा इथला नियम. काकांनी तर पँटला पट्ट्याऐवजी नाडी बांधली होती.

"वीज कुणी तोडली, काका?"

"तुम्ही."

"मग आता कसली टोपली?" म्हणत साहेब आत घुसले.

चौथऱ्यावर पिंपाएवढा करडा गाभा गपगार बसला होता. कडेने थोडी पांढरी वाफ निघत होती. साहेब त्यावरचा नंबर वाचायला वाकले. कमरेचा जुडगा आपणहून आडवा झाला, हूक तुटला आणि किल्ल्या खण्णकन पिंपाला चिकटल्या. साहेबांनी ओढल्या. दोन्ही हातांनी ओढल्या. मग चौथऱ्याला पाय लावून ओढल्या.

"ही बंद आहे ना?"

"वीज बंद आहे," बाई म्हणाल्या. "मोटर नाही. सोमवारी एकदाच आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज भरली आणि त्याची टोकं आपसात जोडली. इतक्या थंडीत तार विजेला अडवतच नाही. तीच वीज तेव्हापासून आत फिरतेय आणि हा चुंबक जागा आहे."

"कधीपर्यंत?"

"गारवा आहे तोवर," काका म्हणाले. "म्हणजे आज संध्याकाळपर्यंत."

"अहो, घराची किल्ली आहे त्यात! दुपारी सासूबाई यायच्यात. दाराला कुलूप दिसलं तर माझी धडगत नाही!"

बाईंना गप्प बसता आलं असतं. काका डोळ्यांनी तेच सुचवत होते. पण त्यांनी भिंतीवरच्या लाल बटणाकडे बोट दाखवलं.

"हे बॅटरीवर चालतं. दाबलंत की वेटोळं तापेल, वीज जिरेल आणि मिनिटभरात किल्ल्या खाली पडतील. पण पुन्हा भरायला बाहेरची वीज हवी, ती तुम्ही तोडलीत. दाबलंत की मोटर संपली."

साहेबांनी बटणावर अंगठा ठेवला. मग विचारलं, "मंगळवारी ती 'परिणाम शून्य'वाली समिती येऊन गेली ना? त्यांना हे दाखवलं नाहीत?"

"आलेख दाखवले. दीड तास समजावलं."

"हे, हे! हे चिकटणं!"

बाई काही बोलणार, तेवढ्यात काकांनी कपाळावर हात मारला. "शिस्तीची माणसं हो. टाचणीसुद्धा टोपलीत टाकून आत आली."

साहेबांनी अंगठा काढला. बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या फोनवरून वरिष्ठांना गाठलं. आतपर्यंत ऐकू येत होतं. "हो, बंद केली... नाही, चालू आहे... नाही साहेब, वीज नाहीये... साहेब, मी शुद्धीवर आहे. तुम्ही स्वतः येऊन बघा ना." वरिष्ठ 'कळवतो' म्हणाले. दुसरा फोन घराशेजारच्यांना गेला. सासूबाईंना त्यांच्याकडे चहाला बसवायचं ठरलं.

दुपारी एकला द्रव नायट्रोजनचा टँकर फाटकाशी आला. पुढच्या आठवड्याचा गारवा त्यात होता. वीज तोडायला निघालेल्या खात्याला तो थांबवायचं सुचलंच नव्हतं.

"आत घेऊ, की परत पाठवू?" रखवालदाराने ओरडून विचारलं.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. वरिष्ठांनी अजून काही कळवलेलं नाही. साहेब फाटक उघडायला निघाले आहेत.