थरथर

रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले, "रक्तात लिथियम जास्त दिसतंय. बायपोलरची गोळी कमी करू."

"रोज माझ्यासमोर गिळतो, साहेब," वडील छाती फुगवून म्हणाले.

गजेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर तो गोळ्या जिभेखाली दाबून मोरीत थुंकत होता. पकडलं जाऊ नये म्हणून तपासणीच्या सकाळी तीन एकदम गिळल्या होत्या. झोप उडाली होती, आजार परत डोकं वर काढत होता, आणि आता खोट्या रिपोर्टवर औषध कमी होणार होतं.

"मी घेतच नव्हतो," तो पुटपुटला. "गोळीनं हात थरथरतो. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा कसा धरू?"

"अरे, मला सांगायचंस ना! त्यावर उपाय आहे."

"कसा सांगेल, साहेब?" वडिलांची मान खाली गेली. "भरल्या सलूनमध्ये मीच ओरडलो होतो, रात्री किती ढोसलीस रे?"