पायी आलेला उमेदवार

"दाजी, बसा म्हणतो ना!" मेहुण्याने गाडी हळू करून काच खाली केली. मागच्या गाड्यांनी एकच गिल्ला केला.

दाजी चालतच राहिले. या रस्त्याला फुटपाथ नव्हताच. गटाराच्या कडेला वीतभर जागा, तेवढीच.

"अहो, गाड्यांच्या कंपनीत मुलाखतीला पायी? मी शब्द टाकलाय तिथे. नाक कापाल माझं!"

"तुझं नाक गाडीत सुरक्षित आहे. हो पुढे."

पों.

वाचनालय पाडून तिथे पार्किंग झालं, तेव्हापासून ग्रंथपाल दाजी घरी बसून होते. सकाळीच बायकोने बजावलं होतं, "तत्त्वं काय कुकरला लावू? ही नोकरीही घालवलीत, तर पोरीला घेऊन माहेरी जाते. आणि गाडीनेच जाईन, सांगून ठेवते."

पों पों.

फाटकावर रखवालदाराने गाडीचा नंबर विचारला. गाडीच नाही म्हटल्यावर तो गोंधळला. शेवटी त्याने बुटाचा नंबर लिहून घेतला.

आत एक बाई आणि एक इंजिनियर बसले होते.

"गाडी येते?" बाईंनी विचारलं.

"येते. चालवत नाही."

"का?"

दाजींचा पारा चढला. "दुधाला गाडी, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गाडी! देवाने पाय काय ब्रेक दाबायला दिलेत?"

झालं. गेली नोकरी. बायको निघाली पोरीला घेऊन माहेरी.

पण बाई पुढे सरकल्या. "म्हणजे रोज पायी? भर रहदारीतून?"

"रोज."

"हॉर्न वाजला की पळता?"

"मुळीच नाही. रस्ता माझ्याही बापाचा आहे."

"आणि गाडी अगदी अंगावर आली तर?"

"थांबेल की तीच. आजवर थांबलीच आहे."

इंजिनियरने पेन खाली ठेवलं. "असा माणूस मी पाहिला नव्हता," तो हळूच म्हणाला.

दाजींचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या शहरात आपलं म्हणणं कळणारं कुणीतरी भेटलं, तेही नेमकं इथे.

"नोकरी तुमची," बाई म्हणाल्या. "पगार मागाल तो. विमा आमच्याकडून."

"काम काय?"

बाईंनी खिडकीचा पडदा सारला. खाली लांबलचक मोकळा रस्ता होता. टोकाला एक कोरी गाडी उभी होती, आत कुणीच नव्हतं.

"समोर माणूस आला की ही आपोआप थांबते," बाई म्हणाल्या. "थांबायला हवी, म्हणजे. तपासायला अख्ख्या शहरात चालणारा माणूसच मिळत नव्हता."