थेंब कुठे पडतो

“परत शेपूट आलं,” कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे खुपसून धाकटा म्हणाला. दुधाचा थेंब थेंबासारखा दिसतच नव्हता. कुणी ओल्या बोटानं पांढरी रेघ ओढावी, तसा दिसत होता.

“मग बदल की फ्लॅश. दोन-दोन आणून ठेवलेस दुकानातून, आणि शेपटाला रडतोस,” ताई म्हणाली. ड्रॉपर तिच्या हातात होता. सकाळी आल्या आल्या तिनंच तो मागून घेतला होता, ‘मी धरते’ म्हणून.

स्वयंपाकघराच्या खिडकीला चादर लावून भर दुपारी अंधार केलेला. टेबलावर काळी बशी, बशीत दुधाचा पातळ थर. वरून थेंब सुटायचा, वाटेतला सेन्सरचा आडवा किरण कापायचा, की फ्लॅश आपोआप उडायचा. दोन्ही फ्लॅश बघण्यापुरते आणलेले. एक ठेवायचा, एक संध्याकाळी परत. मोठा छत्री उघडून उभा होता, लग्नघरातल्या मामासारखा. त्याचा उजेड भरपूर, पण रेंगाळणारा. तेवढ्यात थेंब पुढे निसटायचा. छोटा तळहाताएवढा. त्याचा जोर अगदी खाली उतरवला की उजेड चिमूटभर, पण लागला न लागला तोच विझणारा.

“इतके दिवस नळ गळत होता,” आतल्या खोलीतून आई ओरडली, “तेव्हा नाही कुणाला फोटो सुचला!”

ताई हसली. जरा उशिरा हसली.

उद्या ती आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करणार होती. आईचा एक डोळा कधीच गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू पिकलेला. ताईचे सर स्वतः करतो म्हणाले होते. पण आईचा एकच हेका: परक्याचा हात माझ्या डोळ्याला लागायचा नाही.

धाकट्यानं छोटा फ्लॅश जोडला, बशीजवळ सरकवला. थेंब सुटला. उजेड आला अन् गेला. या वेळी थेंब गोल, देखणा, कडन् कड दिसणारा. फक्त चौकटीच्या डाव्या काठाशी. पुढचा उजव्या काठाशी. त्याच्या पुढचा पुन्हा डावीकडे. मघाशी शेपटाच्या नादात थेंब पडतो कुठे, हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

“कॅमेरा सरकतोय बहुतेक,” तो पुटपुटला.

“बघ बाबा,” ताई म्हणाली, आणि ड्रॉपर ठेवून आईच्या डोळ्यात औषध घालायला आत गेली.

त्यानं कॅमेरा हलवून पाहिला. खिळ्यासारखा घट्ट. मग मनात नसताना त्यानं ड्रॉपर चिकटपट्टीनं स्टँडला बांधला आणि दाबला. थेंब मधोमध. पुन्हा दाबला. मधोमध. पुन्हा. मधोमध.

“अगं, डोळा वर आहे!” आतून आईचा आवाज. “गालाला कसलं औषध घालतेस?”

ताई दारात आली. तिनं स्टँडला बांधलेला ड्रॉपर पाहिला, पडद्यावरचा थेंब पाहिला. धाकट्यानं घाईघाईनं कॅमेरा फिरवला.

“काढ ती पट्टी,” ती म्हणाली. “एकदा मी धरते. कुठला लावतोस?”

“मोठा. तोच ठेवावा म्हणतोय.”

“त्यात काही दिसत नाही.”

“म्हणूनच, ताई.”

पट्टी तिनंच सोडवली, ड्रॉपर बशीवर धरला, दुसऱ्या हातानं मनगट आवळलं आणि वाट पाहत राहिली. धाकट्याचा हात मोठ्या फ्लॅशच्या वायरीवर गेला. तिथेच थांबला. लहानपणी पायातला काटा तो फक्त ताईलाच काढू द्यायचा. ‘हलू नकोस हं,’ म्हणायची, आणि काटा निघाल्याचं कळायचंसुद्धा नाही.

त्यानं छोटा जोडला.

थेंब सुटला. लख्ख झालं. दोघं पडद्यावर वाकले. चौकट सगळी काळीभोर, आणि अगदी काठावर अर्धा कापला गेलेला, स्वच्छ, शुभ्र थेंब.

“छान आहे फ्लॅश,” ताई म्हणाली. “हाच ठेव.”

ती आत गेली. धाकटा अंधारातच उभा राहिला.

“आई, उद्या डोळा माझे सर करतील.”

आता आई चिडेल, हट्टाला पेटेल, म्हणून धाकट्यानं श्वास रोखून धरला.

“आणि तू?”

“मी तुझा हात धरून बसेन.”

“घट्ट धर हो,” आई म्हणाली. “भीतीनं माझाच थरथरेल.”